एकोणचाळीस मिनिटं

गेल्या शनिवारी सकाळी बाळ्याचा फोन आला. बाळ्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. एरवी त्याचा फोन येतो तो पैसे हवे असतील तर, नाहीतर मॅच सुरू असेल तर. ह्या वेळी कसली प्रस्तावना न करता त्याने विचारलं, "दादा, त्या दिवशी माझ्या डोक्यात काही जळलं होतं का रे?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. "काही नाही रे. झोप नीट घे, गोळ्या चुकवू नकोस." मग त्याने मॅचचा विषय काढला आणि मी सुटलो. फोन ठेवल्यावर मात्र चहा गार होईपर्यंत तसाच बसून राहिलो. कारण मी त्याला गेली काही वर्षं जे सांगतोय ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं माझ्या लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये पडून आहे.

तर आधी तो दिवस सांगतो. २०१९ चे गणपती. मला नोकरी लागून दोन-अडीच महिने झाले होते, मॅनेजरच्या हातापाया पडून दोन दिवसांची सुट्टी काढून कऱ्हाडला घरी आलो होतो. बाळ्या बारावीत. मंडळाच्या देखाव्यासाठी दोन रात्री जागला होता, त्यावरून आई सकाळपासून बोलत होती. संध्याकाळची आरती झाली, तो आरतीचं ताट फिरवत दारापाशी गेला आणि तिथेच कोसळला. डोळे पांढरे, दातखिळी, हातपाय ताड ताड उडतायत. मी आयुष्यात पहिल्यांदा आकडी बघत होतो.

आता पुढचं लिहायला लाज वाटते. शेजारच्या काकू ओरडल्या, "कांदा आणा, कांदा!" आणि मी, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन इंजिनिअर, स्वयंपाकघरात धावलो, बुक्कीने कांदा फोडला आणि त्याच्या नाकाला लावला. कोणीतरी चप्पल आणली. कोणीतरी त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. एका गृहस्थांनी त्याच्या दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला, त्यात त्याच्या एका दाताचा टवका उडाला, तो आजही तसाच आहे. मग रिक्षा. बाहेर मिरवणूक, ढोल, रस्ता बंद. पहिल्या दवाखान्यात आत घेतलं, नाडी बघितली, आणि थोड्या वेळाने "आमच्याकडे सोय नाही, मोठ्या ठिकाणी न्या" असं सांगितलं. मोठ्या ठिकाणी शिरेतून इंजेक्शन दिलं आणि दोनेक मिनिटांत त्याचं अंग सैल पडलं.

बाबा त्या दिवशी साताऱ्याला होते. माझ्या कॉल लॉगमध्ये त्यांना केलेले दोन फोन आहेत. पहिला ७:४२ चा, "बाबा, बाळ्याला काहीतरी होतंय." दुसरा ८:२१ चा, "थांबलं." मधली एकोणचाळीस मिनिटं. तो स्क्रीनशॉट मी तीन फोन बदलले तरी जपून ठेवलाय. का, ते विचारू नका.

चौथ्या दिवशी बाळ्या उठून बसला, जेवला, पहिलं वाक्य "मोदक संपले का?" घरात सगळे हसले, आई रडली. डोक्याच्या एमआरआयमध्ये डाव्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात थोडी सूज दिसत होती. "दिसते अशी सूज, उतरेल," डॉक्टर म्हणाले. उतरली. पण पुढच्या वर्षी पुन्हा एमआरआय काढला तेव्हा तोच भाग उजव्यापेक्षा किंचित आकसलेला दिसला. म्हणजे सूज उतरता उतरता काहीतरी सोबत घेऊन गेली होती. ह्या मधल्या काळात त्याला शब्द आठवायचे नाहीत. "ते ते, आपलं... ज्याने भाजी हलवतात ते" असं करत तो 'उलथनं' शोधायचा. बारावीची केमिस्ट्री जी गेली ती गेलीच. दुसरा रिपोर्ट त्याला दाखवायचा नाही असं आई-बाबांनी ठरवलं आणि मी मान डोलावली. हेच ते फोल्डर.

मला छळत होता तो प्रश्न साधा होता. ती एकोणचाळीस मिनिटं वीस असती, तर? मी कांदा फोडत बसलो नसतो, तर? पाच वर्षं मी हे गणित मनात 'मिनिटाला इतक्या पेशी' अशा त्रैराशिकाने मांडत होतो. आकडी सुरू, पेशी जळतायत. आकडी बंद, जळणं बंद. विजेचं बटण असावं तसं. मग एका लाँग वीकेंडला, सगळे अलिबागला गेले असताना, मी घरी बसून शोधनिबंध वाचायला लागलो. (मी बायोलॉजी दहावीनंतर सोडलेली. पण दुसऱ्याने लिहिलेला, डॉक्युमेंटेशन नसलेला कोड वाचायची सवय असली की शोधनिबंध तितके वाईट नसतात.) आणि लक्षात आलं, की ते बटणाचं चित्रच चुकीचं आहे.

सुरुवात लंडनच्या ब्रायन मेल्ड्रम यांच्यापासून करतो. आकडीत माणूस नीट श्वास घेत नाही, ताप चढतो, रक्तदाब बिघडतो, म्हणून पेशी मरत असतील असा एक सरळ तर्क होता. मेल्ड्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बबून माकडांवर प्रयोग केले. औषधाने दीर्घ आकडी आणली, पण स्नायू लुळे पाडून, कृत्रिम श्वास देऊन. म्हणजे अंग उडत नाही, ऑक्सिजन व्यवस्थित, फक्त मेंदूतली विजेची धमाल चालू. नुकसान कमी झालं, पण हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी तरीही मेल्या. म्हणजे दोष श्वासाचा एकट्याचा नाही, त्या विजेच्या कल्लोळाचाच आहे.

कल्लोळात होतं काय, तर चेतापेशी एकमेकींवर ग्लुटामेट नावाचं रसायन बदाबदा ओततात. एरवी हे त्यांचं बोलणं. इथे मात्र सगळ्याच एकदम ओरडतायत. समोरच्या पेशीची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, प्रमाणाबाहेर घुसलं की पेशीची आतली यंत्रणा कोलमडते. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी रिट्राय स्टॉर्म पाहिलं असेल: एक सर्व्हिस अडकते, बाकीच्या पुन्हा पुन्हा हाका मारतात, आणि त्या हाकांनीच सिस्टिम बसते. साधारण तसंच. इथपर्यंत माझं बटणाचं चित्र चालतं.

पण आत घुसलेलं कॅल्शियम आणखी एक काम करतं. ते पेशीच्या केंद्रात निरोप पाठवतं आणि काही जनुकं धडाधड सुरू होतात. १९९३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या पॉल वॉर्ली यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की उंदराच्या मेंदूत आकडीनंतर झपाट्याने सुरू होणाऱ्या जनुकांत एक ओळखीचा चेहरा आहे: कॉक्स-टू.

ओळखीचा म्हणजे तुमच्या-माझ्या ड्रॉवरमधला ओळखीचा. कॉक्स हे एन्झाइम, शाळेच्या पुस्तकातलं विकर. पेशीच्या आवरणातल्या एका मेदाम्लापासून ते प्रोस्टाग्लँडिन बनवण्याची पहिली पायरी करतं. अंग दुखतं, सूज येते, ताप चढतो, त्यात ह्या प्रोस्टाग्लँडिनांचा मोठा हात. अ‍ॅस्पिरिन हेच अडवतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. कॉम्बिफ्लाममधलं आयबुप्रोफेनही ह्याच एन्झाइमला अडवतं. ह्याचे दोन भाऊ असल्याचं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं. थोरला कॉक्स-वन, घर सांभाळणारा, पोटाचं अस्तर वगैरे बघणारा. धाकटा कॉक्स-टू, शरीरात बहुतेक ठिकाणी झोपलेला, काही बिघडलं की उठून गोंधळ घालणारा. (धाकट्यांचं हे असंच असतं. बाळ्या, तू हे वाचत असशील तर वाच.)

मेंदूत मात्र कथा जरा वेगळी. तिथल्या काही चेतापेशींत कॉक्स-टू रोजच्या रोज थोडं कामावर असतं. पेशी जास्त बोलल्या की ते वाढतं. शिकण्यात, आठवण पक्की होण्यात त्याचा सहभाग आहे. म्हणजे तो गुंड नाही, चांगला नोकरदार माणूस आहे. आकडीत मात्र त्याला एकदम शंभर जणांचं काम दिलं जातं, आणि तो ते इमानेइतबारे करतो. आकडी थांबल्यावरही. तासन् तास.

इथे मी वाचायचा थांबलो होतो. आकडी थांबल्यावरही. म्हणजे ८:२१ ला मी बाबांना फोनवर "थांबलं" म्हणालो तेव्हा थांबलं होतं ते फक्त दिसणारं.

पुढची साखळी अशी. कॉक्स-टूमुळे तयार होणाऱ्या पदार्थांत पीजीई-टू नावाचं प्रोस्टाग्लँडिन असतं. ते आजूबाजूच्या पेशींवरच्या ईपी-टू नावाच्या कडीला जाऊन अडकतं. त्यातून मेंदूतल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, चवताळतात आणि दाहाचे आणखी निरोप सुटतात. रक्त आणि मेंदू ह्यांच्यामधली जी चाळणी असते ती गळायला लागते. रक्तातली प्रथिनं, जी तिथे येता कामा नयेत, ती आत झिरपतात. हे सगळं तासांच्या नि दिवसांच्या हिशेबात. माणूस तोवर उठून मोदक मागत असतो.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले रे डिंगलडाइन आणि त्यांची मंडळी ह्याच्या मागे कित्येक वर्षं लागली होती. २०११ मध्ये त्यांनी असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या पुढच्या मेंदूतल्या ठरावीक चेतापेशींत कॉक्स-टू बनतच नाही. बाकी शरीरात सगळं जागेवर. मग पायलोकार्पिन देऊन दीर्घ आकडी आणली. ह्या उंदरांत नंतरचा दाह कमी, चाळणी शाबूत, हिप्पोकॅम्पसमधलं नंतरचं नुकसान कमी. एका जागच्या पेशींतलं एन्झाइम काढलं तर शेजारच्या, स्वतः ते एन्झाइम न बनवणाऱ्या पेशीही वाचल्या.

पण त्याच निबंधातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य वेगळंच आहे. त्यांना असं दिसलं, की हिप्पोकॅम्पसच्या एका भागात कॉक्स-टू सुरुवातीला पेशींना वाचवतं आणि नंतर त्याच पेशींना मारायला कारण होतं. तेच एन्झाइम, तीच जागा, फक्त वेळ वेगळी. हे वाचल्यावर त्याआधीच्या दहा-बारा वर्षांतले उलटसुलट निकाल जरा समजतात. १९९९ ते २००१ च्या सुमारास काही जणांनी आकडी आणण्याच्या आधीच उंदरांना कॉक्स-टू अडवणारी औषधं दिली, तर आकडी उलट जोरदार झाली आणि पेशी जास्त मेल्या. त्यातलं एक औषध आपल्याकडे घरोघरी तापासाठी दिलं जायचं ते निमेसुलाइड, ज्यावर २०११ मध्ये भारतात बारा वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी आली. (ती बंदी वेगळ्या कारणांनी, आकडीचा तिच्याशी संबंध नाही.) आणि आकडीनंतर औषध दिलं, तर काही प्रयोगांत पेशी वाचल्या. आधी दिलं तर घात, नंतर दिलं तर मदत. प्रॉडक्शनला आग लागलीय म्हणून घाईघाईत एक सर्व्हिस बंद करायची आणि मग कळायचं की लॉगिनही तिच्यावरच चालत होतं, हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना जास्त सांगायला नको.

आणि नुसतं कॉक्स-टू अडवत राहण्याचे धोके तर जगाने पाहिलेत. व्हायॉक्स हे संधिवाताचं औषध १९९९ मध्ये बाजारात आलं, प्रचंड खपलं, आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. म्हणून एमरीच्या लोकांनी एन्झाइमला हात न लावता साखळीतली पुढची कडी धरली, ईपी-टू. २०१३ मध्ये त्यांनी ती कडी अडवणारं एक रसायन उंदरांना दिलं, आकडी सुरू होऊन चार तास उलटून गेल्यावर. तरीही मेंदूतला दाह कमी झाला, चाळणी कमी गळली, पेशी कमी मेल्या, आणि नंतरच्या दिवसांत दगावणाऱ्या उंदरांची संख्याही घटली.

चार तास उलटून गेल्यावर! मी हा आकडा वाचून घरात फेऱ्या मारल्या. चार तास म्हणजे कऱ्हाडहून पुण्याला पोचून वर जेवण होतं.

उंदीर आणि माणूस एक नाही, हे मलाही कळतं. आकडीनंतरचं हे नुकसान थांबवण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेलं असं एकही औषध आज माणसांसाठी नाही. तेव्हा कृपा करून कोणी ड्रॉवर उघडून कॉम्बिफ्लाम देऊ नका. वरती सांगितलंच की चुकीच्या वेळी हे उलटतं. पण 'नुकसान नंतर वाढतं' हे माणसातही दिसलेलं आहे, आणि ते उदाहरण विचित्र आहे. १९८७ मध्ये कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंडचे शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले. शिंपल्यांत समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून आलेलं डोमोइक अ‍ॅसिड होतं. प्रयोगशाळेत उंदरांना आकडी आणायला जे कायनिक अ‍ॅसिड वापरतात, त्याचं हे सख्खं भावंड. (ते कायनिक अ‍ॅसिडही समुद्री शेवाळातूनच सापडलेलं, जपानमध्ये ते शेवाळ जंतांवर औषध म्हणून द्यायचे. समुद्राला आपल्या हिप्पोकॅम्पसबद्दल काय राग आहे कोण जाणे.) काही जण दगावले, काहींची नवी आठवण बनायची क्षमता गेली. त्यात ८४ वर्षांचे एक आजोबा होते. त्यांना तेव्हा आकड्या आल्या, मग ते सावरले. वर्षभराने पुन्हा आकड्या सुरू झाल्या, ह्या वेळी शिंपल्यांशिवाय. तीनेक वर्षांनी ते न्यूमोनियाने गेले तेव्हा मेंदू तपासला, तर दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस आकसून गेलेले.

सावरले, आणि वर्षभराने. बाळ्याच्या दोन एमआरआयमध्येही साधारण तेवढंच अंतर होतं.

तर मग माझ्या त्रैराशिकाचं काय? ते चुकीचं ठरलं म्हणून मी सुटलो का? नाही. पेटणारं सगळं पेटतं ते आकडी चालू राहते म्हणूनच. लांबलेली आकडी ही ठिणगी, आणि ठिणगी विझवायचं औषध आपल्याकडे आहे, फक्त वेळेत हवं. जागतिक एपिलेप्सी संघटनेने २०१५ मध्ये दोन आकडे ठरवून दिले. सगळं अंग उडणारी आकडी पाच मिनिटांपुढे गेली की ती आपोआप थांबेल अशी वाट बघायची नाही, औषध सुरू करायचं. तीस मिनिटांपुढे गेली की कायमच्या नुकसानीची भीती. आम्ही दोन्ही रेषा ओलांडल्या, पहिली तर कांद्यासकट. आणि औषध द्यायला शीरच शोधायला हवी असंही नाही. अमेरिकेतल्या २०१२ च्या मोठ्या चाचणीत रुग्णवाहिकेतल्या लोकांनी मिडॅझोलामचं इंजेक्शन सरळ मांडीत टोचलं, तर ७३ टक्के रुग्णांची आकडी दवाखाना येण्याआधीच थांबलेली होती. शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत हेच प्रमाण ६३ टक्के होतं. औषध जास्त ताकदवान म्हणून नव्हे, शीर शोधण्यात वेळ गेला नाही म्हणून. तेच मिडॅझोलाम आता नाकात मारायच्या स्प्रेच्या रूपात आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. एक बाळ्याच्या सॅकमध्ये असतो, एक त्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक कऱ्हाडला. त्याच्या रूममेटला मी स्वतः शिकवलंय: कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, हातपाय दाबून धरू नको, आणि सगळ्यात आधी घड्याळ बघ.

हे सगळं लिहून झाल्यावर काल रात्री मी त्याला फोन केला आणि दुसऱ्या रिपोर्टबद्दल सांगितलं. रिपोर्टही पाठवला. बराच वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, "म्हणजे शब्द सापडत नाहीत ते मी आळशी आहे म्हणून नाही ना?"

मी म्हटलं, "नाही रे."

"आणि बारावीची केमिस्ट्री?"

"तीही नाही."

"बाबांना सांग हे," तो म्हणाला. "पाच वर्षं बोलतायत मला." मग जरा थांबून, "आणि दादा, तो कांदा तूच फोडलेलास ना? आई सांगते हसत हसत."

"हो."

"मला अजून वास आठवतो बघ कांद्याचा. बाकी त्या दिवसाचं काहीच नाही आठवत."

तो वास त्याला खरंच आठवतोय की आईने इतक्यांदा सांगितल्यामुळे आठवतोय असं वाटतंय, हे मी त्याला विचारलं नाही. पुढच्या शनिवारी कऱ्हाडला जाणार आहे. बाबांशी बोलायचंय, आणि तिथल्या स्प्रेची एक्स्पायरी डेट बघायचीय. आईने तो देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय. शेजारी एक कांदाही असतो म्हणे, मी तो काढा म्हणणार नाही.